घोडं पारखणारा

खोव्दच्या बाजारात घोडं आलं की माणसं मला हाक मारतात.
अंगठा जबड्याच्या कडेला, जिथे दात नसतात तिथे,
एक दाब, की तोंड उघडतं.
आदत, दोनदाती, चौसा, जुळलेला.
झीज बघून सांगतो कितवा हिवाळा,
विकणारा खोटं बोलतोय की नुसता विसरलाय.
तीस वर्षांत दोनदा चुकलो.
दोन्ही वेळा प्यालेलो होतो.

आणि माझ्या ओदगेरेलच्या तोंडात
मी एकदाही डोकावलो नव्हतो.

सहा वर्षांची. गाल सुजला तेव्हा
सेव्जिदने मीठ तापवून फडक्यात बांधलं.
मी म्हणालो, दुधाचे दात, पडायचेच आहेत,
पडणाऱ्या दातासाठी पेट्रोल कोण जाळतो?
दुसऱ्या रात्री पोर रडलीच नाही.
नमद्याच्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिली,
लांडग्याला ऐकू जाऊ नये म्हणून
शिंगरू दम धरतं, तशी.
तेव्हा मोटरसायकल काढली.

सत्तर किलोमीटर. पोर माझ्या डगल्यात छातीशी बांधलेली,
मागे सेव्जिद, तिच्या कुशीत धाकटा,
धाकट्याच्या तोंडात आटीव गोड दुधाची बाटली.

दातांची डॉक्टर उयांगा, आमच्या भाचीएवढी.
कपाळावरचा दिवा लावला, अंगठा
गालाच्या कडेने आत सरकवला.
तसाच. अगदी मी घालतो तसाच.
मला शरम वाटली. कशाची, ते तेव्हा कळलं नाही.

'बघा,' म्हणाली. बघितलं.
चार काळे. एकाचं तर खोडच उरलेलं.
ज्या तंबूत जावं तिथे वाटीभर गोळ्या पुढ्यात,
आणि आम्हीच म्हणायचो, घे गं, अजून एक घे,
नको म्हणू नये.

मी पुन्हा म्हणालो, पण पडणारेच ना?
तिने विचारलं, हिवाळी तळ सोडून जाता,
तेव्हा कुंपणाचे दगड का ठेवून जाता?
जागा राखायला, मी म्हणालो.
'मग?'
एवढंच. 'मग?'

येताना चार ब्रश, एक नळी,
आणि माझ्या तळहातावर तिने काढून दाखवलेला
वाटाण्याएवढा ठिपका.
धाकट्याला तांदळाच्या दाण्याएवढाच,
दोन दात आले म्हणजे आलेच.
बाटली तोंडात घेऊन झोपू देऊ नका.
घासलं की थुंकायचं, चूळ भरायची नाही,
रात्री त्यानंतर पाण्याखेरीज काही नाही.
आणि ब्रश पोरीच्या हाती देऊन मोकळे होऊ नका,
आठ वर्षांची होईपर्यंत हात तुमचा.
'आणि ह्यांचे?' सेव्जिदने माझ्याकडे बोट केलं.
उयांगा हसली. मी टोपी शोधू लागलो.

उपटलेला दात पोरीने कागदात आणला.
रीत आहे: शेपटीच्या चरबीत गुंडाळून कुत्र्याला द्यायचा,
वाईट ने, चांगला दे, म्हणायचं.
कुत्र्याने चरबी खाल्ली,
दात बर्फावर तसाच टाकला.
'त्यालाही नको,' ओदगेरेल म्हणाली.

आता रात्री ब्रश चुलीजवळ ठेवतो,
नाहीतर सकाळी त्याचं लाकूड झालेलं असतं.
मागच्या दाढांपर्यंत, हळू.
घाई केली तर घोडंही मान झटकतं.
दोन मिनिटं म्हणजे किती?
आमच्या कळपातल्या सगळ्यांचे रंग
एकेक करून मनात म्हणून होतात, तेवढी.

काल अगदी मागे, हिरडी फोडून, एक पांढरं टोक.
कोणाच्या जागी आलेलं नाही, नवंच.
मी दिवा जवळ घेतला, पुन्हा बघितलं,
सेव्जिदला उठवलं.
ती म्हणाली, दाढ आहे, घोडा नव्हे, झोपा.

पण पोर झोपेना.
तिने माझा जबडा धरला,
अंगठा कडेला, दाब.
चुलीच्या उजेडात बराच वेळ बघत राहिली.
'बाबा,' म्हणाली, 'तुला बाजारात नेऊ नये.'
आणि चौथा ब्रश, अजून कागदातच असलेला,
शोधायला उठली.