सात मिनिटं

पासवर लिहिलंय: बेड नऊ, दिगंबर नाबर, वय एकाहत्तर,
एका वेळी एकच नातेवाईक.
पास गुलाबी, कडेनं लॅमिनेशन सुटलेलं,
आणि आम्ही नातेवाईक पाच.
म्हणून दाराशी पाळ्या लागतात:
आईची तीन मिनिटं, नंदनची तीन,
आत्या विरारहून आली तर तिची तीन,
सुचेता वहिनी आपली तीन आईला देऊन टाकते.
मी शेवटी, उरतील तेवढी.

परळच्या या तिसऱ्या मजल्यावर
लोखंडी खुर्च्या तीन-तीनच्या जोडलेल्या,
एक हलला की तिघं हलतात.
शेजारी भिवंडीच्या शाहीनबी, त्यांचा मुलगा बेड चार.
चार्जर एकच, त्यांचा.
थर्मास एकच, आमचा.
रात्री स्पीकर खरखरला की अख्खी रांग ताठ होते,
आणि आपला नंबर नसला
की सुटलेला श्वास लपवायचा कुठे, कळत नाही.

बाबा घड्याळजी.
ठाकूरद्वारला जिन्याखाली अडीच फुटांचं दुकान,
डोळ्याला भिंग,
केसाएवढी स्प्रिंग बसवताना श्वास रोखायचे
आणि आम्हालाही रोखायला लावायचे.
आता त्याच बोटाला चिमटा,
लाल उजेड नखातून आरपार.
श्वास मशीन घेतं.
पहिले अकरा दिवस मी आकड्यांकडेच बघत होतो,
त्यांच्याकडे नाही.
शहाण्णव. चौऱ्याण्णव. शहाण्णव.
डॉक्टर म्हणायचे, स्थिर आहेत.
आई मला जिन्यात गाठून विचारायची,
स्थिर म्हणजे चांगलंच ना रे?
चाळीस वर्षं घड्याळजीच्या घरात काढलेली बाई,
या शब्दाला घाबरणारच.

बाराव्या दिवशी डोळे उघडले.
तेराव्या दिवशी
(आत्या म्हणाली, तेरावा म्हणू नका, बारा आणि एक म्हणा)
त्यांनी माझं मनगट धरलं.
मला भरून आलं. सिस्टरला हाक मारली, बघा, ओळखलं!
त्यांनी मनगट उजेडाकडे फिरवलं.
माझं घड्याळ बघितलं, भिंतीवरचं बघितलं, परत माझं.
गळ्यात नळी, आवाज नाही.
लिहायची खूण केली.
औषधांच्या बिलाच्या पाठीवर
मुंगीनं ओढत नेल्यासारखं अक्षर:
सात मि. मागे.

सिस्टर हसली. "माहितीये आजोबा,
आम्ही मनातल्या मनात सात मिळवतो."
पण त्यांना चैन पडेना.
स्टूल आणा, खाली काढा, मागचं झाकण उघडा,
सगळं एका हातानं.
नाडी एकशेवीसवर गेली, मशीन ओरडायला लागलं,
मला बाहेर काढलं.

आईनं हे तिसऱ्याच दिवशी हेरलं होतं.
आत सोडतो वॉचमन, पाचला, मोबाइल बघून.
बाहेर काढते सिस्टर, सव्वापाचला, भिंत बघून.
कुणाला बोलली नव्हती.
माझी उरलीसुरली मिनिटं कधी कमी का पडली नाहीत,
मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या कानाशी वाकली.
"अहो, राहू दे ते तसंच.
तेवढ्यात माझे तुमचे पाय चोळून होतात."
मागे पडणारं एकही घड्याळ
ज्यानं दुकानाबाहेर जाऊ दिलं नाही
तो माणूस भिंतीकडे बराच वेळ बघत राहिला.
मग पेन सोडलं.

बेड चारला परवा पडदा ओढला.
शाहीनबींचा चार्जर अजून आमच्याकडेच आहे,
वायर गुंडाळून पिशवीत ठेवलाय,
कुणाच्या हाती पाठवायचा?

आज नळीचं मशीन दोन तास बंद ठेवलं होतं.
स्वतःचा श्वास, खरखरीत, मागेपुढे होणारा,
पण चालणारा.
सिस्टर म्हणाली, चला, झाली वेळ.
माझ्या मनगटावर पाच एकवीस.
बाबांनी चिमट्याचं बोट उचललं,
भिंतीकडे दाखवलं:
अजून एक मिनिट आहे.