सात वाजता अंधार

तळघरात आधी आली मेथी, मग वांगी,
मग कढीलिंबाची काडी,
तीन हिवाळे फर्नेसच्या उबेला बसवून जगवलेली.
सगळ्यात शेवटी आला शेजारचा अर्ल,
दोन हातांत दोन बादल्या,
तिसरी बर्फात, पायरीवर ठेवलेली.
"राज्य चालेल म्हणतं, घरमालक नाही म्हणतो.
गुडघ्याचं ऑपरेशन होईपर्यंत ठेवाल?"

मला वाटलं अंबाडी.
तशीच बोटं पसरलेली पानं, तशाच कातरलेल्या कडा.
मनात लसूण सोलूनही झाला होता.
ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
"गांजा आहे तो," असे म्हणाले
की मी आधी पायाखाली पाहिलं.

अर्लने एका पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलं:
संध्याकाळी सात ते सकाळी सात काळोख.
मिणमिणतासुद्धा उजेड नको.
फ्रीजरच्या लाल ठिपक्यावर मी काळी टेप लावली.
दाराखालच्या फटीत जुनं पातळ कोंबलं.
तेव्हापासून फोडणी साडेसहाच्या आत सुचावी लागते.
साताला टायमर टक् करतो,
आणि कढीलिंब उद्यावर जातो.

आई म्हणायची, तुळशीत भांग उगवली,
धाकट्या काकांबद्दल, दार लोटून घेऊन.
इप्सिलांटीत माझी तुळस खरीच त्यांच्याशेजारी आहे,
एकाच दिव्याखाली, एकाच पंख्याच्या वाऱ्यावर.
तिची मंजिरी मी खुडते, पानं फुटावीत म्हणून.
ह्यांची खुडायची नाही, ह्यांचं सगळं मंजिरीतच.
एवढाच फरक.
बाकी मूळ तेच करतं, माती तीच मागते,
आणि वांग्यावरचा लाल कोळी
दोघींकडे सारख्याच पावलांनी गेला.
पान न् पान उलटून मी साबणाच्या पाण्याने पुसलं,
आधी तुळशीचं. सवय.

वास मात्र लपेना.
हिंगाचा डबा टायरच्या दुकानात उघडा राहावा तसा.
हळदीकुंकवाला आलेल्या वृंदाताई जिन्याशी थबकल्या,
म्हणाल्या, "काहीतरी मुरतंय वाटतं."
मी म्हटलं, हो. लोणचं.

फेब्रुवारीच्या शेवटी बर्फ वितळला,
रात्री दोनला पाणी उपसायचा पंप बोंबलला.
हे खाली गेले, दिवा लावला, पंपाला लाथ घातली,
आणि दिवा तसाच ठेवून वर येऊन झोपले.
सकाळी तळघर लख्ख.
आम्ही दोघं पायरीवर उभे,
परगावच्या पोराला ताप भरल्यासारखे.
ह्यांनीच अर्लला फोन केला. मला वाटलं नव्हतं.

नवव्या आठवड्यात तो काठी टेकत उतरला,
एक बोंड अंगठ्याने फोडलं.
आत बी. करडं, ठिपक्याठिपक्यांचं,
धन्याहून जरा लहान.
रात्रीचा उजेड पाहिला की ही झाडं घाबरतात, म्हणाला,
आपलं आपणच बी धरून टाकतात.
ह्यांनी कान पकडले.
अर्ल इतका हसला की गुडघा धरून
भेंडीच्या ट्रेवर बसला.
दोन रोपं मोडली. मी काही बोलले नाही.

मे महिन्यात तो मुलीकडे टोलेडोला गेला.
जाताना बादल्या आणि पंखा ठेवून गेला,
माझ्या मिरच्या मात्र सगळ्या नेल्या, दोन पिशव्या.
बियांच्या डब्यात माझी पाकिटं आहेत,
पडवळ, घेवडा, कृष्णाकाठची वांगी.
त्यांच्यामागे एक पातळसं पाकीट.
त्यावर काय लिहावं, बराच वेळ सुचलं नाही.
अर्ल, एवढंच लिहिलं.

टायमर मी अजून बदललेला नाही.
वांग्यांना रात्रीचं काही पडलेलं नाही,
कढीलिंबाला तर मुळीच नाही.
तरी साडेसहा झाले की हे बातम्यांतून मान वळवतात:
"पानं आणलीस का?"