झेड बरोबर शून्य

सर्जेकोटला बर्फाच्या फॅक्टरीवर माझी खोली:
एक संगणक, एक प्लॉटर,
आणि खाऱ्या हवेनं मऊ पडलेला कागदाचा रोळ.
बोट कोचीहून येते, ईमेलनं.
अठरा मीटर, पोलादी, पडद्यावर तरंगते
पाण्याशिवाय.
माउसनं उलटी केली तरी आतलं काही सांडत नाही.

माझं काम तिला झोपवायचं.
कुडाळच्या पत्रा कापणाऱ्या यंत्राला दोनच दिशा कळतात,
आडवी आणि उभी.
उंची त्याच्या गावीही नाही.
म्हणून मी सगळं निवडते,
झेडच्या रकान्यात शून्य लिहिते,
एंटर.

बोट पडते. आवाज होत नाही.
डेक तळाला चिकटतो, तळ कण्याला,
डोलकाठी नुसतं टिंब होते.
मग बसायचं रेघांवरच्या रेघा सोडवत,
जाळ्यातल्या कुर्ल्या सोडवतात तशा,
बोटं सांभाळून.
जे मागे आहे ते तुटक रेघेत.
जे कुणी बघायचंच नाही ते वेगळ्या लेयरवर,
आणि तो लेयर बंद.

नाळेजवळचा पत्रा मात्र ऐकेना.
दोन्ही अंगांनी वळलेला; सपाट करायला जावं
तर इकडे ताण, तिकडे चुण्या.
तीन दिवस भांडले त्याच्याशी.
चौथ्या दिवशी खाली धक्क्याच्या पायरीवर
जयवंती पराडकर सुरमई खारवायला बसलेली.
तिनं सुरी पाठीतून घातली, कण्याच्या कडेकडेनं,
पोटाची कातडी तेवढी राखली,
आणि मासा उघडून ठेवला, पसरट, उन्हात.
म्हटलं, पोटाकडून का नाही?
"पोटाकडसून फाडलंस तर पसराचो नाय गो."

वर येऊन मी पत्रा कण्याकडून चिरला,
तीन पट्ट्या केल्या.
निमूट पडल्या.

गुणाजी मेस्तांनी प्रिंट पाहिली.
जन्मभर होड्या बांधल्या त्यांनी, कागदावाचून;
आता पोलादाच्या पोटात सागाचे खण बसवतात.
चष्मा घरी विसरलेले.
तळवा फिरवला कागदावरून
आणि सातव्या तुळईवर थांबवला.
"हयसर दोन आसत."
रेघ एकच होती. मी तसं म्हटलं.
"इंजिनाचा बूड थंयसर टेकता.
एका तुळयेर कसा रवतला?"

मूळ फाईल उघडली, तिरकी केली.
दोन तुळया, नेमक्या एकीखाली एक,
मध्ये चाळीस मिलिमीटर हवा.
ती हवा मीच दाबून काढली होती
आणि खालची रेघ जादा म्हणून पुसली होती.
मेस्तांनी पुढे काही म्हटलं नाही.
चहा मागितला, साखर कमी.

नवी फाईल रात्री कुडाळला गेली.
चुकलेली प्रत जयवंतीनं मागून नेली,
एवढा मोठा कोरा कागद, पाठकोरा,
वाया कशाला घालवायचा.

शनिवारी मालवणच्या गाडीत
पुढच्या बाकावर एका बाईच्या मांडीवर दिसली:
माझी बोट, झेड शून्य,
सुक्या सुरमईभोवती गुंडाळलेली, सुतळीनं आवळलेली,
पोट धरलेली.
नाळ जरा वर.
प्रत्येक खड्ड्याला
डुलत होती.