पुढचे आक्काचे, मागचे माझे

नांदेड नाक्यावर मोईजभाईच्या दुकानात
आमची ओमनी जॅकवर, मागचे दोन्ही पाय उघडे,
आणि आम्ही दोघी जावा बाकड्यावर
मधे पर्स ठेवून.

पुढचे टायर आक्काच्या पैशातले, गेल्या दसऱ्याचे.
कंपनी तिच्या माहेरची. म्हणजे वडलांच्या मॅटॅडोरला
तीच असायची, उदगीर ते बिदर, तूरडाळ भरून,
"एकदा बी धोका दिला न्हाई."
मागचे आज माझ्या भिशीतून.
दुसरी कंपनी. जोडीमागं सातशे रुपये कमी.

आक्का डबे भरते तशी बोलते, दाबून दाबून:
"एका गाडीला दोन घरचे टायर.
लोक काय म्हणतील?"
लोक कशाला वाकून टायर बघतील, आक्का?
"मी बघते की."

मोईजभाईनं रबराच्या कडेवरचे चार आकडे
ओल्या फडक्यानं पुसून दाखवले,
पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल.
टायरलाही जन्मवेळ असते म्हटल्यावर
आक्का पत्रिकाच जुळवायला बसली.
माझे अकराव्या आठवड्यातले.
म्हणजे मार्च. परीक्षा उरकून पोरं गावी गेलेली,
चौऱ्याऐंशी डब्यांचे एकवीस झालेले,
आणि आम्ही सव्वा महिना
फक्त मिठाच्या अंदाजापुरतं बोलत होतो.

"नवे पुढं टाका," आक्का म्हणाली, "पुढं मान असतो."
मोईजभाईच्या दातात व्हॉल्व्हची टोपी.
"नहीं बाई. नवा जोड मागंच.
पुढचा घसरला तर स्टेअरिंग बोंबलतं, हाताला कळतं.
मागचा घसरला की गाडी आडवी होते,
मग कळून काय उपयोग?
कंपन्या दोन असू द्या. एका ॲक्सलवर मात्र एकच.
डावा हा, उजवा तो, असं मी बसवत नाही,
जादा पैसे दिले तरी."

आमचा ॲक्सल कुठला, हे मी विचारलं नाही.
ज्या दोन भावांनी आम्हाला एका गाडीला जुंपलं
त्यातला एक पुण्यात वॉचमन,
एक नुसताच घरी.

सहाला खाडगाव रोडची होस्टेलं.
मी चालवते. आक्का मागं
वरणाच्या कॅनला मिठी मारून.
तिचे टायर माझ्या बुडाखाली, माझे तिच्या.
हे मला त्या वळणावर सुचलं,
जिथं टँकर गळून गळून
काळ्या मातीचं लोणी झालेलं,
अन् स्टेअरिंग क्षणभर हलकं झालं,
कुणी हात सोडल्यासारखं.
मागून गाडी हलली नाही.
आक्काही.

पुढं जाऊन थांबले. ती उतरली,
मोबाईलची बॅटरी लावून चिखलात वाकली.
"बघ. सगळीकडं तुझीच नक्षी.
माझी तू पुसत आणलीस."
सरळ रस्त्यावर मागचं चाक पुढच्याच्या ठशावरून जातं,
यात माझा काय दोष?
"वळणाकडं बघा," मी खिडकीतून म्हणाले.

ती मागं चालत गेली.
तिथं दोन्ही होते, जरा अंतर ठेवून,
तिचे बाण बाहेरून, माझी चौकडी आतून,
पुढं कुठंतरी पुन्हा एकावर एक.

बराच वेळ उजेड तिथंच होता.
मग पदर खोचत आली, चप्पल दगडाला घासली,
दार दोनदा आपटलं तेव्हा लागलं.
"काय बघूलालीस? चल.
वरण निवूलालंय."