मधलं वर्तुळ

आगरवाड्याला पोचले तेव्हा शाबीकाका
मिठागराच्या बांधावर बसला होता.
पायांना स्वस्थता नव्हती,
कुणीच वाजवत नसलेल्या घुमटाला
ताल द्यावा तसे ते हलत होते.
गाव म्हणतो, याच्या आज्यानं देवचाराच्या वाटेत घर बांधलं.
मी म्हणते, चौथ्या गुणसूत्राच्या टोकाला
तीन अक्षरं आहेत, ती नको तितक्या वेळा आलीत.
दोन्ही वाक्यांत आज्याला सुटका नाही.

संमतीपत्र मीच मराठीत केलं.
'मज्जातंतूंचा ऱ्हास' खोडून 'शिरांची झीज' लिहिलं,
मग तेही खोडलं.
कलम सात: निकाल जाणून न घेण्याचा हक्क मला आहे.
काकानं पेन धरलं. रेघ कागदावरून चटईवर गेली,
चटईवरून माझ्या साडीच्या काठावर.
साक्षीदार म्हणाला, अंगठा घ्या.
मी म्हटलं, नको, हीच सही.
रात्री वहीत लिहिलं: सही हेच लक्षण.
आणि लाज वाटली,
वाक्य चांगलं झालं होतं.

वंशावळ काढायची रीत सोपी आहे.
पुरुष चौकोन, बाई वर्तुळ,
आजार असेल तर आकृती काळी भरायची,
माणूस गेला की तिरकी रेघ.
शाबी: चौकोन, काळा.
त्याची लेक सुकांती: वर्तुळ, सेहेचाळीस, कोरं.
तिची मुलगी निशिता: वर्तुळ, तेवीस, कोरं.

निशिता म्हापशाहून आली, हेल्मेट हातातच.
मला कळायला हवं, म्हणाली.
डिसेंबरात लग्न आहे, त्याला सांगायचंय,
आधी सांगायचंय.
सुकांतीनं तीन वर्षांपूर्वीच
कलम सातवर बोट ठेवलंय. तिला नको आहे.

आता हिशेब बघा, जो मी समितीपुढे मांडला
बांबोळीच्या त्या थंड खोलीत:
नातीचं रक्त 'हो' म्हणालं
तर आईचं वर्तुळ आपोआप काळं होतं.
सुई न टोचता. तिला काहीच न विचारता.
एकानं विचारलं, मुलगी सज्ञान आहे ना?
दुसऱ्यानं विचारलं, आई सही करेल का?
तिसरे वकील. त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं,
बोलता बोलता विसरले, ते तुटून तळाशी गेलं.
ठराव: संशोधकाने विवेकाने निर्णय घ्यावा.
एवढ्या जाड फाइलीतून
प्रश्न परत माझ्याच ओंजळीत.

मिठागरात पाणी असंच येतं.
भरतीला मानशीचं दार उघडतं,
पहिल्या कोंडीतून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या,
दर कोंडीत थोडं जास्त खारट.
मधली कोंडी टाळून
पाणी शेवटच्या कोंडीत गेलेलं
या गावात कुणी पाहिलेलं नाही.

काल पुन्हा गेले. सुकांतीनं चहा आणला.
कप बशीत किणकिणला. किंचित.
वारा नव्हता, घाई नव्हती.
बशी उचलली तेव्हा टेबलावर
चहाचं ओलं वर्तुळ.
वीस वर्षं हेच बघायला शिकलेले माझे डोळे,
ते मिटायला कुठलंच कलम नाही.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
पदरानं टेबल पुसलं.
"बाय, पळयलें तें बरोवं नाका."
लिहायचं नाही.
बरं, म्हटलं.
मग बऱ्याच वेळानं, आत जाता जाता:
निशिताचं रक्त घे तू.
फक्त मला हा हिशेब येतो
हे तिला सांगू नकोस.

आज नळी भरली, चिठ्ठी चिकटवली.
निशितानं कापूस दाबून धरला.
आई कुठेय, तिनं विचारलं.
आगरात, म्हटलं.
मीठ ओढतेय, दोन्ही हातांनी.