शेगडीमागची

आणली तेव्हा ती खोक्यात होती, आणि खोकं
अर्नोल्दोच्या कोटात.
पुन्ता अरेनासमध्ये त्या दिवशी असा वारा,
की चौकाचौकात दोऱ्या बांधलेल्या,
लोक दोरी धरून रस्ता ओलांडत होते,
आणि हा माणूस एका हातात दोरी,
दुसऱ्या हातात म्हातारी मांजर घेऊन.

म्हातारी कुठे, सात वर्षांची, आश्रयगृहातली बाई म्हणाली होती.
कागदावर: मादी, करडी, डावा कान फाटका.
मालकीण वारली. नाव माहीत नाही.
गास्पारनं वाटेतच ठेवलं, नूबे, म्हणजे ढग.
ढगानं खोक्यातून डोकं काढलं,
आमचं घर एकदा बघितलं
आणि गॅसच्या शेगडीमागे गेला तो गेलाच.

दहा दिवस.
दहा दिवस आम्ही शेगडीलाच जेवायला वाढत होतो.
सकाळी वाटी रिकामी, वाळूत खड्डा,
म्हणजे कुणीतरी राहत होतं खरं.
गास्पार पालथा पडून, गाल फरशीला लावून
तिला शाळेतलं सगळं सांगायचा:
गणितात किती पडले, कोणाचा दात पडला,
पेंग्विन बघायच्या सहलीत कोण ओकलं.
आतून दोन हिरवी बटणं. नुसती.
मी मासा ठेवला. कोंबडीचं काळीज ठेवलं.
देवाशपथ, सासूबाईंसाठी राखलेली कोळंबीसुद्धा ठेवली.
"रुसलीय," मी म्हणाले.
"नाही, आई. ती ऐकतेय, पण तिला समजत नाही."
पोरं काहीही बोलतात. मी कांदा चिरत राहिले.

अर्नोल्दो तर बोलतच नव्हता.
त्याची होडी मार्चपासून किनाऱ्यावर आडवी,
पोटावरचं शेवाळ वाळून भुगा झालेलं.
तो खिडकीतून सामुद्रधुनीकडे बघत बसायचा.
घरात दोघं जण शेगडीमागे होते, असं म्हणा.

अकराव्या रात्री छपराचा पत्रा नुसता थडथडत होता.
तो आत आला, खांद्यानं दार लोटलं,
बूट काढायला वाकला,
आणि वाकल्या वाकल्या, कुणालाच उद्देशून नाही,
सवयीच्याही खालून कुठून तरी म्हणाला,
"दोजी."

काय?

"काही नाही. आजोबा म्हणायचे. संध्याकाळी, अंगणातून.
ये, म्हणजे."
आजोबा क्रोएशियाच्या कुठल्याशा दगडी बेटावरून
इथे मेंढ्या कातरायला आलेले.
त्या भाषेतलं आमच्याकडे एवढंच उरलं होतं,
एक शब्द आणि एक चाकू.

आणि ती आली.
मिशांना जळमट, पाठीवर दहा दिवसांची धूळ,
शेपटी दिव्याच्या वातीसारखी उभी.
त्याच्या बुटापाशी बसली, नाडीचा वास घेतला,
जणू उशीर त्यालाच झाला होता.

मग चौकशी केली. मालकिणीचं नाव ज़ोर्का.
टेकडीवर एकटी, नव्वदीच्या पुढची.
शेजाऱ्यांशी स्पॅनिश, मांजरीशी ती दुसरी,
शेवटी शेवटी फक्त मांजरीशीच.

आता अर्नोल्दो पोर्वेनीरच्या चुलतबहिणीला फोन लावतो:
माशाला काय म्हणतात गं? आणि पाण्याला?
गास्पार फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवतो. रीबा. वोदा.
मांडीवर ती अजून बसत नाही.
गॅसच्या बिलावर बसते.
नूबे म्हटलं तर कान हलवते, फाटका,
तोही कोळंबी असेल तरच.

काल मध्यरात्री जाग आली, शेजारी तो नव्हता.
स्वयंपाकघरातून आवाज येत होता,
हळू, अडखळत, तीनच शब्द पुन्हा पुन्हा
वेगवेगळ्या क्रमानं लावून बघणारा,
आणि मधेमधे एक घरघर.
मी आत गेले नाही.
गाल दाराला लावून ऐकत राहिले,
समजत नव्हतं काहीच.
पायाखाली फरशी गार.