अंगठा, चौथ्या वेळी

वेंगुर्ल्यात मासळी बाजारामागे
माझं सेवा केंद्र आहे, दोन खुर्च्यांचं.
एक माझी, दुसरीवर प्रिंटर.
लोक उभेच असतात.

आज पहिली द्रौपदी गिरप.
बावीस वर्षं काजूच्या कारखान्यात.
राख चोळून बसते, तरी टरफलाचं तेल
बोटांत शिरतंच;
अंगठ्यावरच्या रेषा कधीच गेल्या.

यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
ती पदराला पुसते. पुन्हा.
उजवा. डावा. मग मी खोबरेल काढतो,
थेंबभर, बोटाच्या पेरावर.
हा शोध माझा,
कुठल्या परिपत्रकात नाही.

चौथ्या वेळी हिरवा दिवा.
"इले मा रे?"
"इले."

नोटा मोजताना म्हणते,
"पयल्या हप्त्याक सिलिंडर येय होतो
नि वयर तेलाची पिशयी.
आता नुसतो सिलिंडर.
देतत ता खोटा नाय, पण..."
आणि त्या 'पण'पाशी थांबते.
काजू सोलायचा दर किलोमागे
तीन निवडणुकांपूर्वी होता तोच आहे.
त्याबद्दल कुणाचंच परिपत्रक नाही.

काल दोन्ही पक्षांचे पोरगे येऊन गेले.
एकाचं म्हणणं, हे आमच्यामुळे मिळतंय.
दुसऱ्याचं, आम्ही आलो तर दुप्पट.
दोघांच्याही जाहीरनाम्याच्या दोनशे झेरॉक्स
मीच काढल्या, एकाच टोनरवर.
उधारी दोघांकडेही आहे.

मला काही मिळत नाही असं नाही;
मला मिळतो नकार, तोही ऑनलाइन.
मुलीच्या नर्सिंगच्या शिष्यवृत्तीला
माझं उत्पन्न मर्यादेच्या वर निघालं,
साडेतीन हजारांनी, वर्षाला.
मी गरीब नाही, हे मला संगणकाने सांगितलं.
पगारदार नाही, हे बँकेने.
मधल्या फटीत
गाळ्याचं भाडं, मुलीची फी, आईचं इन्सुलिन
आणि अंगठ्यामागे मिळणारं
काही रुपये कमिशन.

तरी खोटं बोलू नये.
एसटीचं अर्धं तिकीट खरं आहे;
द्रौपदी त्याच्यावरच सावंतवाडीला
डोळे दाखवायला गेली.
येताना चार-दहाची गाडी रद्द.
अर्ध्या तिकिटाला
गाडी मात्र अख्खी लागते.

आणि भाऊ तांडेलचा डिझेल परतावाही आला,
अगदी हिशेबाने, पैशापर्यंत बरोबर.
होडी विकून तोवर
चौदा महिने झाले होते.
एसएमएस त्याने मलाच वाचायला लावला,
दोनदा. हसला. मग सुरमईचा भाव विचारत
बाजारात गेला, गिऱ्हाईक म्हणून.

मला कुणी विचारलं, कुठलं धोरण बरं,
तर मी काय सांगू?
मला धोरण दिसत नाही.
मला यंत्राची काच दिसते,
तिच्यावर दिवसभराचे अंगठे,
एकावर एक, तेलकट,
कुणाचा कुठला ते कळत नाही.
संध्याकाळी मी ती पुसतो.

द्रौपदीने जाताना
टेबलावर दहाची नोट ठेवली.
"ही कसली?"
"तेलाची."

मी नको म्हटलं नाही.